जे जास्त ते आधी

३ डिसेंबर, मंगळवार

पोरी,

पत्र उघडलंस तर शेवटपर्यंत वाच. उघडावंसं वाटलं नाही तर निदान फाडू नकोस, कुठेतरी पडू दे. आत भांडण नाही. आत एका क्रीमची चौकशी आहे.

तुझ्या आईचे पाय फार कोरडे पडलेत. मार्चमध्ये कंबरेचं हाड मोडल्यापासून ती बहुतेक पलंगावरच असते. उठली तर संडासापर्यंत, एका बाजूला काठी आणि एका बाजूला मी. थंडी सुरू झाली आणि तिच्या नडग्यांवर माशासारखे खवले आले. सारखी खाजवते. मी समोर असलो की हात आवरते, स्वयंपाकघरात गेलो की चादरीचा आवाज येतो. परवा चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले. विचारलं तर म्हणाली, "ढेकूण असतील." तिच्या घरात ढेकूण! म्हणजे किती लपवायचं असेल बघ.

डॉक्टर म्हणाले, रोग नाही, वय आहे, मॉइश्चरायझर लावा. मी विचारलं कोणतं. म्हणाले, कोणतंही चांगलं. आता चांगलं कशाला म्हणायचं? औषधाच्या दुकानात भिंतभर डब्या आहेत, आणि प्रत्येकीवर 'उत्तम' लिहिलंय. मी दोन ट्यूब आणल्या. एकीवर मध आणि बदामाचं चित्र आहे. दुसरी नुसती पांढरी, चित्र नाही, वास नाही, दवाखान्यातल्या भिंतीसारखी. दोन्ही समोर ठेवून लिहितोय. मागची बारीक अक्षरं वाचायला कारखान्यातलं, बॅगांचे टाके तपासायचं जुनं भिंग काढलंय, पण इंग्रजी म्हणजे माझं सातवीपर्यंतचं. अक्षर लागतं, शब्द लागत नाही.

तू लहानपणी बिस्किटाच्या पुड्यावरचंसुद्धा वाचून मग खायचीस. आम्ही तुला इन्स्पेक्टर म्हणायचो. म्हणून तुलाच विचारतो. ग्लिसरीन चांगलं की वाईट? दुकानात एक युरियावालीही होती, पण युरिया तर शेतात टाकतात ना, तो माणसाला कसा लावायचा?

तुझा राग आईवर आहे, ठाऊक आहे. सात वर्षं झाली. मी त्यात कधी पडलो नाही, आताही पडत नाही. पहिल्या वर्षी तू मला दोनदा फोन केला होतास. मीच लवकर ठेवला. गॅसवर दूध होतं म्हणालो बहुतेक.

पाकिटावर तिकिटं दोन लावलीत. वजन जास्त भरलं तर परत येईल अशी धास्ती वाटते.

तुझे बाबा

१२ डिसेंबर, गुरुवार

पोरी,

उत्तर आलं नाही. पोस्टात गहाळ झालं असेल असं मी धरून चाललो आहे. म्हणून या पत्रावर कोपऱ्यात दोनचा आकडा घातलाय, म्हणजे आधी एक होतं हे तुला कळेल.

औषधाच्या दुकानातल्या बाईंशी ओळख झाली. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा जातो. पहिल्या दिवशी मी डब्या भिंगाखाली धरून बघत होतो, तर म्हणाल्या, "आजोबा, आत येऊन बसा. उन्हात भिंग धरून माझं दुकान पेटवाल." आता त्यांनी मला स्टूलच दिलंय.

त्यांनी पहिलाच नियम सांगितला, तो मला फार आवडला. डबीवर जे जास्त ते आधी लिहितात, कमी ते शेवटी. मग मी आपली मध-बदामाची ट्यूब काढली. सगळ्यात आधी पाणी. मग मेणकट काहीतरी, मग आणखी काय काय. खाली वास. आणि बदाम वासाच्याही मागे, अगदी शेवटी! चित्रात मात्र तोच सगळ्यात मोठा. बाई म्हणाल्या, "बदाम कारखान्यासमोरून चालत गेला असेल, आजोबा."

मग त्यांनी समजावलं, ते मी माझ्या भाषेत लिहितो. क्रीममध्ये तीन तऱ्हेचं काम असतं. एक, पाणी ओढून धरणारं. ग्लिसरीन त्यातलं, युरियाही त्यातलाच. शेतात टाकायची पोती वेगळी, हा स्वच्छ करून थोडा घातलेला असतो, आणि कडक पापुद्रा मऊ करतो. पण खाजवून ओरखडे पडले असतील तर झोंबतो. दुसरं, फटी भरणारं. त्यात सिरॅमाइड म्हणून एक असतं. बाई म्हणाल्या, कातडीच्या पेशी म्हणजे विटा, आणि हा त्यांच्यामधला गिलावा. वय झालं की गिलावा झडतो. तिसरं, वरून झाकणारं, म्हणजे पेट्रोलियम जेली. ती स्वतः ओलावा देत नाही, आत असलेला जाऊ देत नाही. म्हणून अंग पुसून, ओलसर असतानाच लावायचं. मी इतके दिवस दुपारी कोरड्या पायांना चोळत होतो. कोरड्या पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं.

बेचाळीस वर्षं बॅगांच्या कारखान्यात चामडं हाताळलं, तेव्हा वाटायचं कातडीतलं मला सगळं कळतं. चामड्याला तेल-मेण पाजलं की संपलं. जिवंत कातडीला पाणी लागतं हे आता कळतंय.

मध-बदामने आईच्या पायांची आग झाली. वासामुळे, बाई म्हणाल्या. मग युरियावालीही आणून बघितली, ती ओरखड्यांवर झोंबली. पांढरी बरी निघाली. मी जोर लावून चोळत होतो तर तुझी आई म्हणाली, "अहो, पाय आहे तो. पॉलिश काढताय का? मला काय बॅग समजलात?" मी म्हणालो, बॅग असतीस तर इतकी बोलली नसतीस. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

काल बाईंनी आणखी एक डबी दाखवली. 'भेगांसाठी एकदम छान, यात लॅनोलिन आहे.' मी विचारलं, ते काय? म्हणाल्या, "मेंढीच्या लोकरीची चरबी." मी डबी परत ठेवली. ती नीट बसली नाही, शेजारच्या तीन पडल्या. बाईंनी पाणी दिलं. मी म्हणालो, चक्कर आली, जेवलो नाही. जेवलो होतो.

बाकी ठीक.

तुझे बाबा

२० डिसेंबर, शुक्रवार

पोरी,

काल तुझी आत्या आली होती. तिने फोनवर तुझ्या लेकीचा फोटो दाखवला. तू तिला पाठवतेस हे मला ठाऊक नव्हतं. आईला होतं, असं दिसलं.

केवढी झाली ग! पुढचे दोन दात मोठे आलेत. तुझ्यासारखीच कॅमेऱ्याकडे संशयाने बघते. आई फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इन्स्पेक्टरची पोर." मग फोन परत केला. लगेच केला. मी अजून बघत होतो.

मी भिंग आणलं. आत्या म्हणाली, "दादा, फोनवर भिंग कशाला, बोटांनी मोठं होतं." तिने मोठं करून दिलं. पोरीच्या ओठांभोवती लाल कडं आहे, सोललेलं. गालांवरही चट्टे. आत्या म्हणाली, "हो, तिला ते नेहमीच असतं. बिचारी कंटाळलीय. डॉक्टर झाले, क्रीमं झाली. ओठांना लावायची कांडी तर दप्तरातच असते तिच्या, दिवसातून दहादा लावते."

पोरी, त्या कांडीवर काय लिहिलंय ते वाच. लॅनोलिन आहे का बघ. दुसरी नावंही असतात, दुकानातल्या बाईंकडून लिहून घेऊन सोबत ठेवतो आहे. क्रीमांवरही बघ. असेल तर बंद कर. का ते विचारू नकोस. बाई म्हणतात, काहींना चालत नाही. मी म्हणतो म्हणून नको, बाई म्हणतात म्हणून कर.

तू म्हणशील, यांना कसं ठाऊक.

पत्र इथेच थांबवतो. आईची अंघोळीची वेळ झाली.

बाबा

२२ डिसेंबर, रविवार

पोरी,

डबीवर जे जास्त ते आधी लिहितात. मी तुला तीन पत्रं लिहिली आणि जे सगळ्यात जास्त होतं तेच मागे ठेवलं. आता आधी ते लिहितो.

बाळाच्या गालांना मी लावलं होतं. तुझ्या आईने नाही.

तू मुलाखतीला गेली होतीस. जाताना म्हणाली होतीस, "गाल फुटलेत तिचे, पण नवीन काही लावू नका, मी संध्याकाळी डॉक्टरांना विचारीन." आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. बाळ माझ्याजवळ होतं. आठ महिन्यांचं. गाल इतके खरखरीत की मला सहन होईना. मी कपाटावरचा डबा काढला.

तो डबा तुला आठवत असेल. कारखान्यात मी चामड्यासाठी मलम शिजवायचो. 'मिस्त्रींचं मलम' म्हणायचे. माझ्या मलमाची बॅग वीस वर्षांनीसुद्धा तडकत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. कृती मी कुणाला दिली नाही, निरोपाच्या दिवशी मागितली तरी नाही. थंडीत सगळे कारागीर तेच मलम आपल्या फुटलेल्या तळव्यांना चोळायचे, मीही चोळायचो. कुणाला काही झालं नाही. मला वाटलं, एवढ्या राठ हातांना मऊ करतं, तर या एवढ्याशा गालांना काय होईल. उलट वाटलं, तू संध्याकाळी येशील, गाल बघशील आणि विचारशील, "बाबा, काय जादू केलीत?" चामडं मेलेलं असतं, पोरी. त्याला काहीही लावलं तरी ते रडत नाही. माझ्या हाताखालची कातडी बेचाळीस वर्षांत एकदाही रडली नव्हती.

बाळ रडायला लागलं. आई खाली आली. माझ्या हातात डबा होता. तिने ओल्या कापडाने लगेच पुसून काढलं, पण गाल लाल होत गेले. तू आलीस. "आई, काय लावलंस?" ती म्हणाली, "मी काही नाही लावलं," आणि माझ्याकडे बघितलं. मी बोलावं म्हणून थांबली होती. मी नळ नीट करत होतो. नळाला काही झालं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही लावलं होतं का. तू आईकडे बघितलंस. तेव्हा मी बोललो. आजवर असं मोजकं, स्पष्ट मी कधी बोललो नव्हतो. म्हणालो, "हिने घरातलं तेल वगैरे लावलं असेल."

त्यानंतर आई गप्प झाली. तुला वाटलं, पकडली गेली म्हणून गप्प बसली.

पुढचं तर मला गेल्या आठवड्यात कळलं. डॉक्टरांनी जे पिवळं मलम दिलं, ते आणायला मीच गेलो होतो, त्याचं नाव माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. दुकानातल्या बाईंना त्यावरचं वाचायला सांगितलं. त्यात लोकरीची चरबी आहे. माझ्या डब्यातही तीच होती, मेणानंतर सगळ्यात जास्त. म्हणून दुसऱ्या दिवशी बाळाचे डोळे मिटण्याएवढी सूज आली. मी खरं बोललो असतो तर डॉक्टरांनी ते मलम दिलंच नसतं. एक दिवसाचं दुखणं चार दिवसांचं झालं ते माझ्या त्या एका वाक्याने. आणि सात वर्षं पोरीच्या ओठांभोवती जे लाल आहे ते त्याच वाक्याचं असेल, कारण तिला काय चालत नाही ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. ठाऊक असलेला माणूस दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवत होता.

जाताना तू आईला म्हणालीस, "तुझ्या हातात माझं मूल पुन्हा देणार नाही." मी दारात चप्पल घालत होतो. एक चप्पल घालायला किती वेळ लागतो? मी घालतच राहिलो.

तिने मला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर मी भांडलो तरी असतो. पण तेव्हापासून तिने एकही मूल हातात घेतलेलं नाही. शेजारची सून बाळ घेऊन येते, पुढे करते. आई म्हणते, "नको ग, हात ओले आहेत." कोरडे ठणठणीत असतात हात. मी बघतो ना.

सोबत वेगळा कागद जोडलाय. त्यावर माझ्या मलमाची कृती आहे, जे जास्त ते आधी. मेण. लोकरीची चरबी. जवसाचं तेल. टर्पेंटाईन. निलगिरीचे थेंब. टर्पेंटाईनने भाजलं की चरबी सोसली नाही, मला ठाऊक नाही, मी डॉक्टर नाही. बाई म्हणतात, पाठीवर एकेक गोष्टीची पट्टी चिकटवून बघतात, दोन-तीन दिवसांत कळतं. पत्र कुणाला दाखवलं नाहीस तरी चालेल. कागद डॉक्टरांना दाखव.

हे लिहून झाल्यावर मी आईला म्हणालो, "पोरीला सगळं खरं लिहिलं."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "पोस्टात टाकलंत?"

"नाही अजून."

"मग मला कशाला सांगताय?"

तुझा बाप

२३ डिसेंबर. टाकतो आहे. आईने खिडकीतून बघायला उशी उंच करून घेतली आहे. पेटी समोरच्या वळणावर आहे, तिला तिथवर दिसतं.

५ जानेवारी, रविवार

इन्स्पेक्टर,

तसं म्हणायचा हक्क नाही, पण लिहून गेलो. आता खोडत नाही.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी आईच्या पायांना लावत होतो. डावा झाला होता, उजवा राहिला होता. मी हॅलो म्हणालो, तू म्हणालीस, "आईला द्या." मी दिला. बरं झालं, तू मला दुसरं काही म्हणाली नाहीस.

मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. बोटांना क्रीम तसंच होतं, त्यामुळे कठडा धरता येईना. दोनदा वरचे लोक गेले. "काय आजोबा, बाहेर काढलं वाटतं?" मी म्हणालो, हवा खातोय. दारातून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आधी बराच वेळ ती नुसती "हं" म्हणत होती. मग एकदा मोठ्याने म्हणाली, "अगं, सांगून काय करायचं होतं? तुला बापही राहिला नसता." ते मला ऐकू आलं. ऐकू यावं म्हणून म्हणाली नव्हती. नंतर ती रडली, आणि मग, विश्वास ठेव, हसली. बोटांवरचं क्रीम तोवर पार जिरून गेलं होतं.

आत गेलो तर म्हणाली, "अहो, दुसरा पाय राहिलाय."

मी खाली बसलो. विचारायचं धाडस होत नव्हतं. तिने आपणच सांगितलं. कांडीवर लॅनोलिन दुसऱ्याच नंबरला होतं. पट्ट्या लावून झाल्या, तिथेही तेच उठलं. आठवडाभर कांडी बंद आहे आणि ओठ बरे होत चाललेत. तू म्हणालीस म्हणे, "आई, मी सगळं वाचते ग, पण काय शोधायचं तेच मला कुणी सांगितलं नव्हतं."

मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात येतायत दोघी."

मी म्हणालो, "मी?"

"तुमच्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही काढलं नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

मी बघितलं आहे. ज्या दिवशी तुम्ही याल त्या दिवशी मी सकाळीच औषधाच्या दुकानात जाऊन बसेन. बाईंना सांगून ठेवलंय, स्टूल आहेच. किल्ली शेजारी देऊन जाईन. तुम्ही हवं तितकं राहा. बोलवावंसं वाटलं तर दुकान आपल्या वळणावरच आहे, पेटीच्या पलीकडे. नाही बोलावलंस तर तुम्ही गेल्यावर येईन. जेवण करून ठेवीन, त्यात नवीन काही नसेल. पोरीला आईच्या मांडीवर बसायचं असेल तर उजव्या बाजूने बसव, डावीकडचं हाड अजून दुखतं. ती सांगणार नाही.

डबा मी सात वर्षं कपाटावरच ठेवला होता. तो आता घरात नाही.

आज सकाळची गोष्ट लिहून संपवतो. अंघोळ झाली, पाय टिपले, दोन्हींना लावलं. मी झाकण बंद करत होतो तर आईने हात पुढे केले, दोन्ही, तळवे वर करून.

म्हणाली, "यांनाही लावा. खरखरीत लागतील पोरीला."

मी भिंग घेतलं, पांढरी ट्यूब उलटी केली आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत पुन्हा एकदा वाचली. त्यात ते नव्हतं. मग लावलं.

बाबा